आईची तपासणी आणि बाबांचा रिपोर्ट

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली, की पाळी जाऊन इतकी वर्षे झाल्यावर पुन्हा डाग दिसले आणि उष्णता असेल म्हणून ती धने-जिऱ्याचे पाणी घेते आहे. फोनवर हा विषय निघाला की तू तो बदलतेस, म्हणून लिहून कळवते.

आई, पाळी कायमची थांबल्यावर रक्त दिसले, मग ते थेंबभर का असेना, तर त्याची तपासणी झालीच पाहिजे. बहुतेक वेळा कारण साधे निघते. परंतु गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेल्या सुमारे 90 टक्के स्त्रियांमध्ये असा रक्तस्राव दिसतो, आणि वेळीच दाखवले तर तो आजार बहुधा शस्त्रक्रियेनेच बरा होतो.

तुझ्या वाढलेल्या वजनामुळे मला अधिक काळजी वाटते, आणि त्याचे कारण मी सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकताना प्रथम नीट समजून घेतले होते. पाळी गेल्यावर अंडाशयांतून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) जवळजवळ येईनासे होते, पण चरबीच्या पेशींमध्ये अ‍ॅरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते अंगातल्या अँड्रोजेन संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करत राहते. चरबी जितकी अधिक, तितके हे इस्ट्रोजेन अधिक. त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मात्र या वयात नसते. त्यामुळे अस्तराच्या पेशी वाढत आणि विभागत राहतात, आणि विभाजने वाढली की एखाद्या पेशीच्या डीएनएमध्ये घातक चूक होण्याची शक्यताही वाढते. पाळीनंतरच्या स्तनाच्या कर्करोगातही याच इस्ट्रोजेनचा मोठा हात असतो. त्यात तुझी साखर काठावर आहे, म्हणजे इन्सुलिन बहुधा वाढलेले असणार, आणि वाढलेले इन्सुलिनही पेशींना वाढीचाच संदेश देते.

बाबा, तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड दोन’, म्हणजे यकृतात चरबी साठली आहे, असे लिहिलेले मी स्वतः वाचले आहे. तो रिपोर्ट कपाटात विजेच्या बिलांखाली ठेवलेला होता. पोटातली चरबी गप्प पडून राहत नाही. तिच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की त्यांना प्राणवायू पुरत नाही, काही मरतात, त्यांच्याभोवती रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि मंद दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. यकृतात असा दाह टिकला तर व्रण धरत जातात आणि काही जणांत पुढे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्योन येथील कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये पुरावे तपासून अतिरिक्त चरबीचा संबंध 13 प्रकारच्या कर्करोगांशी जोडला. त्यांत यकृत, मोठे आतडे, स्वादुपिंड, मूत्रपिंड, पित्ताशय, गर्भाशयाचे अस्तर आणि पाळीनंतरचा स्तनाचा कर्करोग आहे.

आजार झाल्यावरही चरबीचा त्रास संपत नाही. गाठीशेजारच्या चरबीपेशी कर्करोगाच्या पेशींना मेदाम्ले पुरवतात, स्थूलतेमुळे गाठीशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, आणि स्तनाच्या कर्करोगात स्थूल स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळते.

हे सारे धोक्याचे प्रमाण आहे, निकाल नव्हे. जाड असलेल्या बहुसंख्य लोकांना यांपैकी काही होत नाही आणि सडपातळ माणसांनाही कर्करोग होतो, म्हणून आई, ‘माझ्याच खाण्याने झाले’ असे तू चुकूनही मनात आणू नकोस. आयुष्यभर सगळ्यांना गरम वाढून आपण शेवटी ओट्याशी उभ्याने उरलेसुरले संपवणाऱ्या बाईला कोणी दोष द्यावा, हे मला मान्य नाही. शिवाय वजन उतरले की इन्सुलिन आणि दाह दोन्ही उतरतात. स्वीडनमध्ये वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांमध्ये पुढे कर्करोग कमी आढळल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तुम्हाला शस्त्रक्रिया सुचवत नाही. वजन उतरवण्याचा उपयोग होतो, एवढेच त्यातून घ्यावे.

आता आईने याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. ते सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतील आणि ती 4 मिलिमीटरहून अधिक असल्यास तुकडा काढून तपासायला पाठवतील; त्याला नाही म्हणू नकोस. बाबा, तुम्ही आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन कमर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. यकृताची तपासणीही पुन्हा करून घ्या. रविवारचे सेव-उसळ बंद करा असे मी म्हणत नाही, पण दांडिया बाजारातून कमाटीबागेपर्यंत रोज दोघांनी मिळून चालत जावे आणि रात्रीचे जेवण लवकर व बेताचे घ्यावे.

डॉक्टरांची वेळ मिळाली की लगेच कळवा. मी आदल्या रात्रीच्या गाडीने निघेन आणि आत जाताना आईबरोबर असेन. तोवर डाग कधी आणि किती दिसले ते आईने कॅलेंडरवर लिहून ठेवावे, आणि बाबांनी जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये लावून ठेवावेत.

तुमची लेक