गाडगेबाबांचा फोटो

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, आई, तू कुठल्याच बाबा-महाराजांच्या नादी लागत नाहीस, मग घरात गाडगेबाबांचाच फोटो कसा? तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या बाबांचे उपचार चालू होते तेव्हा आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो. कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात. एरवी आपल्यासारख्याला मुंबईत खोली परवडते कुठे? नाव लहानपणापासून ऐकलेलं, पण बाबा मला खरे कळले ते तिथे, चटईवर पडल्या पडल्या.

शेणगावचा हा डेबूजी, हे बाबांचं मूळ नाव, शाळेत गेला नव्हता. मुलीच्या बारशाला बकरं-दारू बंद करून त्यानं गोड जेवण घातलं, भाऊबंदांची नाराजी ओढवून घेतली. 1905 साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ते आणि गटारं साफ करायचे, मग रात्री कीर्तन. पाया मात्र कुणाला पडू द्यायचे नाहीत.

मला सगळ्यात भिडतं ते पंढरपूर. वारीला जायचे, पण विठ्ठलाच्या देवळात गेले नाहीत. चंद्रभागेचं वाळवंट झाडत राहिले. ज्यांना कुणी ओसरीवरही टेकू देत नव्हतं, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. एवढ्या इमारती उभ्या केल्या आणि स्वतः खापरातच भाकर खाल्ली. यापेक्षा मोठी भक्ती मी तरी पाहिली नाही.

आता तू ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, म्हणून रुजू होतोयस. बाबांच्या नावाचं स्वच्छता अभियान तुझ्याही गावात येईल. तपासणीचं पथक येणार म्हणून आदल्या रात्री घाईघाईनं झाडलेली गावं आपण दोघांनी पाहिली आहेत. तुझ्या गावात तसं होऊ देऊ नकोस. पथक नसेल त्या दिवशी आधी तू झाडू हातात घे, लोक मागून येतील.

20 डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी. रजा मिळाली तर ये, अमरावतीला समाधीवर जाऊ. तुझ्या बाबांनाही यायचंय, आता त्यांना एसटीचा प्रवास झेपतो.

तुझी,
आई