गर्भपिशवीचं अस्तर जाड का झालं ते नीट सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना थँक्यू

मॅडम नमस्कार, पिंपळगावहून येणाऱ्या तुमच्या पेशंटची मी धाकटी बहीण. नाशिकला तुमच्याकडे यायच्या आधी एका ठिकाणी अस्तर जाड झालंय, पिशवी काढून टाका एवढंच सांगितलं होतं, ताईचं जेवणखाणच सुटलं आणि घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच, कॅन्सर. तुम्ही आधी बायोप्सी केली, रिपोर्ट आला हायपरप्लाझिया विदाउट एटिपिया, म्हणजे अस्तर जास्त वाढलंय पण पेशी बिघडलेल्या नाहीत, मग फाईलच्या मागे पेनाने दोन रेघा काढल्या, एक इस्ट्रोजेन हार्मोनची, एक प्रोजेस्टेरॉन हार्मोनची.

पाळी संपली की ओव्हरीत वाढणाऱ्या फॉलिकलमधून (अंड्याच्या फुग्यातून) इस्ट्रोजेन येतं, त्याने अस्तराच्या पेशी भराभर वाढतात, दोन-चार मिलिमीटरचं अस्तर पार दहा-बारापर्यंत जातं. अंडं फुटलं की त्याच जागेवर कॉर्पस ल्युटियम बनतं, त्यातलं प्रोजेस्टेरॉन ही वाढ थांबवून अस्तर गर्भासाठी तयार करतं, आणि गर्भ नाही राहिला तर दोनेक आठवड्यांत तेही आटतं नि पाळी येते. ताई 46 ची, तिचं अंडं दर महिन्याला फुटतच नाही, म्हणजे इस्ट्रोजेन चालूच आणि त्याला आवरणारं कुणी नाही! वर चरबीतूनही इस्ट्रोजेन बनतं हे तर आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. दाजींची द्राक्षबाग आहे कळल्यावर तुम्ही म्हणालात, वेळेवर शेंडा मारला नाही तर वेल नुसती पाल्यावर जाते ना, तसंच आहे हे. तोपर्यंत गप्प बसलेले दाजी मग स्वतःहून प्रश्न विचारायला लागले.

1975 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मेनोपॉजनंतर नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये पिशवीचा कॅन्सर जास्त दिसतोय, म्हणून पिशवी असेल तर आता सोबत प्रोजेस्टेरॉन देतातच, हेही तुमच्याकडूनच कळलं. आणि ताईच्या प्रकारात 20 वर्षांत कॅन्सर व्हायची शक्यता 5 टक्क्यांच्या आतच, हे ऐकलं आणि ताई तिथेच रडली, इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं.

मिरेना (पिशवीत बसवतात ती, प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडणारी छोटी टी) बसवल्यापासून ब्लीडिंग खूप कमी झालंय, ताई परत बागेत जायला लागली. सहा महिन्यांची बायोप्सी चुकवणार नाही, मीच घेऊन येते तिला. बाहेर वेटिंगला एवढ्या बायका घाबरून बसलेल्या असतात, तर ते दोन रेघांचं चित्र तिथे भिंतीवर लावाल का मॅडम? मोठं करून छापून मी आणून देते. मनापासून थँक्यू.