पेठ नाक्यावरच्या अनोळखी मंडळींचे आभार

रंगपंचमीला पेठ नाक्याजवळ रंगाच्या पाण्यावरून गाडी घसरली आणि बाबांच्या नडगीचं हाड मोडलं. धावून आलेल्या एकाचंही नाव आम्हाला ठाऊक नाही, म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यांत आधी भाजीवाल्या मावशी. कुणी तरी पाय ओढून सरळ करायला निघालं होतं, "हात लावायचा नाही!" म्हणून त्यांनी असं दरडावलं की गर्दीच मागे सरली. मग एका हमालदादांनी द्राक्षांचं रिकामं खोकं फाडलं, पुठ्ठा पायाखाली सरकवला आणि गमछ्यानं बांधला, मांडीपासून पार टाचेपर्यंत. त्यांना हे कुणी शिकवलं देव जाणे, पण मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडले तरच हाड हलत नाही. नडगीला पुढून स्नायूंचं आवरण नसतं, हाड थेट कातडीखाली. टोक हललं असतं तर कातडी फाडून बाहेर आलं असतं, मग जंतुसंसर्गाची धास्ती. पाठीला सॅक लावलेली एक मुलगी बाबांच्या त्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून लाली परत येते का पाहत होती. म्हणजे पायाला रक्तपुरवठा होतोय ना!

पुढे ऑपरेशन झालं. गुडघ्याकडून हाडाच्या पोकळीत सळई घालून वर-खाली स्क्रूंनी अडकवली. (जर्मनीच्या क्युन्चर नावाच्या सर्जननं १९३९ साली मांडीच्या हाडात अशी सळई घातली होती.) रात्रपाळीच्या सिस्टर, वॉर्डातले मामा, तुम्हालाही मनापासून धन्यवाद. आणि फिजिओथेरपीच्या ताई, बाबा तुम्हाला अजून घाबरतात, पण व्यायाम चुकवत नाहीत.