माझ्या कॅडीकाकांना

काका,
स. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू द्या हो मॅडम" म्हणत पुढच्या टीकडे (पहिला फटका मारायच्या जागेकडे) चालू लागता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर नव्याने येणाऱ्यांनाही कळू दे, की स्विंग, म्हणजे काठी फिरवून फटका मारणं, प्रो म्हणजे प्रशिक्षक शिकवतो, पण डोकं ठिकाणावर राहायला चांगला कॅडी, म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणारा मदतनीस, लागतो.

१८ होलच्या (भोकांच्या) राउंडला चार तास सहज जातात. एका स्विंगला दोन सेकंदही लागत नाहीत, म्हणजे खरं मारणं काही मिनिटांचंच. बाकी सगळं चालणं. आणि चालताना मन काय काय उकरून काढतं! मघाचा वाळूचा बंकर, पुढचं पाणी, मागून येणारे चौघे काय म्हणत असतील. क्रिकेटमध्ये बॉल अंगावर येतो, विचाराला सवड मिळत नाही. इथे तो गवतात निवांत पडलेला असतो.

मागच्या शॉटचं माझं रडगाणं संपेपर्यंत तुम्ही पुढचा क्लब, म्हणजे काठी, हातात देत नाही. बॅगेवर हात ठेवून नुसते उभे. मी गप्प झाले की मग वारा, लाय (चेंडू कसा पडलाय ते), अंतर आणि "सात नंबर घ्या". मनगट, कोपर, खांदा यांबद्दल चकार शब्द नाही. सुरुवातीला मला वाटायचं, यांना तंत्रातलं कळत नसावं. आता उलट वाटतं. हातात बसलेली हालचाल दडपणाखाली तपासायला गेलं की बिघडते; जिना उतरताना प्रत्येक पाऊल मोजायला लागलं की ठेच लागते, तसंच. म्हणूनच पटिंगला, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलताना, तुम्ही "हात विसरा, भोकाची पलीकडची कड बघा" एवढंच सांगता. स्कोअरकार्डही खिशातच ठेवता, मधे बेरीज करू देत नाही.

गोल्फपटू रोरी मॅकिलरॉयची गोष्ट तुम्हाला आवडेल. २०११ मध्ये अमेरिकेत ऑगस्टाला, मास्टर्स स्पर्धेत, शेवटच्या दिवशी चार शॉट्सची आघाडी असताना तो ८० फटके मारून बसला (इथे कमी फटके मारणारा जिंकतो). २०२५ मध्ये पुन्हा तीच मास्टर्स, १८ व्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या हिरवळीवर) जिंकायला छोटासा पट हवा होता, तो चुकला आणि बरोबरीमुळे जस्टिन रोझशी प्लेऑफ, म्हणजे जादा होल खेळणं, आलं. टीकडे परत जाताना त्याचा कॅडी, लहानपणापासूनचा मित्र हॅरी डायमंड, म्हणाला की स्पर्धेआधी सोमवारी सकाळी कुणी ही प्लेऑफची संधी देऊ केली असती तर आपण आनंदाने घेतली असती. सल्ला नाही, धीराचं भाषण नाही. पहिल्याच जादा होलला बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी), आणि करिअर ग्रँड स्लॅम, म्हणजे कारकिर्दीत चारही मोठ्या स्पर्धा जिंकणं, पूर्ण. ते वाक्य वाचलं तेव्हा मला तुम्हीच दिसलात.

नियमही काय मजेदार आहे! जोडीदाराशिवाय, फक्त स्वतःसाठी खेळताना सल्ला मागायचा तो फक्त आपल्या कॅडीला. पण २०१९ पासून खेळाडू स्टान्स घ्यायला, म्हणजे फटक्यासाठी पाय रोवायला, लागला की कॅडीने मुद्दाम मागे रेषेत उभं राहायचं नाही. तुम्ही तर आधीपासूनच बाजूला होता. ते शेवटचे दोन सेकंद पूर्ण माझ्यावर सोडता, याबद्दल तर खास आभार.

आता माझी लेक शिकायला लागलीय. चिडकी आहे, आधीच सांगते. शनिवारी सकाळी साडेसहाला तिची बॅग घ्याल का? वेळ जमत नसेल तर तुमच्या सोयीने बदलू.

तुमची,
मॅडम