मॉडिंगला मोडतोड म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्याकडे एका वाचकाचे पत्र आले होते. जुन्या गेमच्या फायलींत बदल करणारी, म्हणजे मॉडिंग करणारी पोरे म्हणजे रिकामटेकडी, मोडतोड करणारी, असा त्याचा सूर. वाचून हसू आले, कारण दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या पोराला हेच ऐकवले होते. मी बेळगावच्या वडगावात पॉवरलूमवर जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करणारा. कॉम्प्युटरमधले मला फारसे कळत नाही, पण दुरुस्ती कशाला म्हणतात ते कळते.

पोरगा डिप्लोमाला आहे. चुलतभावाने पूर्वी विकत घेतलेला 'जीटीए सॅन अँड्रियास' तो लॅपटॉपवर खेळतो. कॉम्प्युटरवर हा गेम २००५ साली आला. त्यात फ्रेम लिमिटर आहे, सेकंदाला २५च्या आसपास चित्रे सोडतो. तो बंद केला की चित्र झकास पळते, पण गेममधला माणूस पाण्यात हात मारत राहतो आणि पुढेच सरकत नाही! पोरगा चक्रावला. मला मात्र मागच आठवला. पुली बदलून मागाचा वेग वाढवला तर धागा ठोकणारी फणी लवकर येते; आडवा धागा नेणारा धोटा तेवढ्यात पलीकडच्या पेटीत पोचला नाही, तर घात. मग धोटा मध्येच सापडतो आणि ताण्याचे (उभे) शेकडो धागे तटातट तुटतात. गेममध्येही काही हिशोब सेकंदावर न बांधता चित्रांच्या संख्येवर बांधलेत, म्हणून ही गडबड. पोराने 'सायलेंटपॅच' हे गेममधल्या चुका दुरुस्त करणारे मॉड बसवले आणि लिमिटर ३०वर ठेवला.

इफेक्टचे खूळ वेगळेच. 'ईएनबी' या चित्र झगमगीत करणाऱ्या मॉडची फाइल गेमच्या फोल्डरात टाकली की गेम तिलाच विंडोजची ग्राफिक्स लायब्ररी, म्हणजे चित्र काढून देणारी फाइल समजतो आणि प्रत्येक चित्र तिच्या हाताखालून पडद्यावर येते. ऊन, सावल्या, गाडीच्या टपावर आभाळ, सगळे दिसले खरे. पण लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. पंखा असा बोंबलायला लागला की आतून घरच्यांनी विचारले, "मिक्सर कोण लावलंय?" ते काढून त्याने 'स्कायजीएफएक्स' घातले. प्लेस्टेशन २वर या गेमला जी तांबूस, धुरकट झाक होती ती कॉम्प्युटरवर येताना हरवली. हे मॉड ती परत आणते. मला तरी तेच बरे वाटले. नव्या झगमगाटाने तो गेम ओळखू येईना.

खरी गंमत विमानाची. पाण्यावर उतरणारे 'स्किमर' विंडोज ११च्या २४एच२ अपडेटनंतर गायबच झाले. सगळे अपडेटला शिव्या देत होते. सायलेंटपॅच लिहिणाऱ्या पोलंडच्या प्रोग्रॅमरने २०२५मध्ये मूळ शोधले. याच मालिकेतल्या आधीच्या 'व्हाइस सिटी' गेममध्ये हे विमान होड्यांच्या यादीत होते. नव्या गेममध्ये ते विमानांत घेतले, पण यादीतल्या त्याच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे लिहायचेच राहिले. आकडा सापडला नाही की गेम मेमरीत यादीतल्या आधीच्या गाडीचा उरलेला आकडा उचलायचा आणि वीस वर्षे ते नशिबाने जमत गेले. नव्या विंडोजने मेमरीची तीच जागा दुसऱ्या कामाला वापरली आणि दोष उघडा पडला. नवा जॉबर मागाला हात लावतो आणि जुन्याचे झाकलेले बाहेर येते, तसेच हे. खापर मात्र नव्यावर!

पोराने 'व्हेइकल्स डॉट आयडीई' ही त्या यादीची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून मला दाखवली. स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी, त्यात विमानांपैकी याचीच ओळ आखूड. राहिलेले आकडे त्याने हाताने भरले. पहिल्या खेपेला फाइलची कॉपी न ठेवताच सेव्ह केली, स्वल्पविराम चुकला, गेम सुरूच होईना आणि दोन संध्याकाळी वाया गेल्या. तेव्हा खासबागचा त्याचा कन्नड शाळेतला दोस्त शेजारी बसून इंग्रजी सूचना वाचायचा, हा मराठीत सांगायचा, आणि भांडण मराठी-कन्नड दोन्ही भाषांत चालायचे.

त्या वाचकाला माझे एवढेच म्हणणे आहे, एकदा पोराशेजारी बसून बघा. आणि संपादकसाहेब, आपल्या कॉम्प्युटरच्या सदरात या दुरुस्त्यांची माहिती सोप्या मराठीत द्या. पहिल्याच ओळीत लिहा: आधी फाइलची कॉपी ठेवा.

आपला,
एक जॉबर, वडगाव, बेळगाव