टेस्टची तारीख उमेदवाराच्याच हाती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ड्रायव्हिंग टेस्टच्या तारखांचा बाजार मोडण्यासाठी ब्रिटनच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक निर्णय जाहीर केला. तारीख घेणे किंवा बदलणे हे काम यापुढे फक्त शिकणाऱ्यानेच करायचे, तिऱ्हाइताने त्यात पडायचे नाही. तिथे टेस्टची सरकारी फी ६२ पौंड. पण मोकळ्या तारखा संगणकाच्या मदतीने घाऊक उचलायच्या आणि महिनोन्‌महिने थांबलेल्या पोरांना कितीतरी चढ्या दराने विकायच्या, असा धंदाच उभा राहिला होता. ही बातमी वाचली आणि आपल्या सीमाभागातली मुले डोळ्यांसमोर आली.

आपल्याकडे कच्चे लायसन काढणे आता सोपे झाले आहे. केंद्राने मार्च २०२१ मध्ये आधार पडताळणीवर घरबसल्या मिळणाऱ्या सेवांत शिकाऊ परवानाही घेतला. त्याचा खेड्यापाड्यातल्या मुलांना खरोखर उपयोग झाला. पण घरबसल्या कच्चे लायसन काढलेला प्रत्येक जण पक्क्यासाठी शेवटी आरटीओच्या टेस्टच्या मैदानावरच येतो. तिथे टेस्ट घेणाऱ्या निरीक्षकाला गाड्यांचे पासिंग आणि रस्त्यावरची तपासणीही बघायची असते. गर्दी तुंबणार नाही तर काय होईल?

यात कायद्याचे घड्याळ उमेदवारासाठी थांबत नाही. कच्चे लायसन सहा महिने चालते. पहिले तीस दिवस टेस्ट देता येत नाही. एकदा नापास झाला तर पुढचे सात दिवस आणि तीनदा झाला तर साठ दिवस थांबायचे. हे नियम योग्यच आहेत, रस्त्यावर कच्चा चालक कोणालाच नको. पण मुलगा टेस्टला तयार आहे आणि तारीखच मिळत नाही, तेव्हाही सहा महिने सरतच असतात. मुदत संपली की पुन्हा नवे कच्चे लायसन, पुन्हा फी, पुन्हा तीस दिवस.

माझा भाचा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला आहे. टेस्टसाठी रजा घ्यायची म्हणजे खाडा पडतो, त्या दिवसाचा पगार जातो. कशीबशी तारीख मिळाली, सकाळी तो मैदानावर जाऊन उभा राहिला. दुपारी सांगण्यात आले, साहेब दुसऱ्या ड्युटीवर गेलेत, आज टेस्ट नाही. नवी तारीख बघायला गेला तर सगळ्या भरलेल्या. कार्यालयाबाहेर बसलेल्या एकाने मात्र पुढच्याच आठवड्यातली काढून देतो म्हणून सांगितले. सीमाभागातल्या कोणत्या कार्यालयात हे घडले ते लिहीत नाही. एका कार्यालयाचे नाव छापून प्रश्न सुटणार नाही.

त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा कागद मी पाहिला. नाव त्याचे, पत्ता त्याच्या गावाचा, पण मोबाईल नंबर एजंटाचा. म्हणजे ओटीपी एजंटाकडे, तारखेचा मेसेज एजंटाकडे, तारीख बदलायची झाली तरी एजंटाकडेच. त्या पोराला स्वतःची टेस्ट कधी आहे हे फोन करून विचारावे लागत होते. मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची.

एजंटाशिवाय जाऊ म्हटले तर दुसरी अडचण गाडीची. मोटारीची टेस्ट द्यायची तर गाडी आपणच न्यायची असते. दारात मोटार नसलेला मुलगा ती आणणार कुठून? ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी भाड्याने घ्यावी लागते, आणि गाडी त्यांची म्हटल्यावर तारीखही त्यांच्या सोयीची. सगळेच स्कूलवाले अडवणूक करतात असे मी म्हणणार नाही. मन लावून शिकवणारे आहेत. पण गरजू मुलाचे हात बांधलेले असतात ते असे.

२०२४ च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपवर मेसेज फिरत होते, १ जूनपासून टेस्ट खासगी स्कूलमध्येच होणार म्हणून. नवे काहीच नव्हते, केंद्राने तसा खुलासाही केला. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचा दाखला असेल तर टेस्टमधून सूट, हा नियम २०२१ चा आहे. त्या केंद्राला सिम्युलेटर (जागेवर बसून गाडी चालवायचा सराव देणारे यंत्र) लागतो, स्वतःचा ट्रॅक लागतो, हलक्या वाहनासाठी २९ तासांचे प्रशिक्षण द्यावे लागते. गल्लीतल्या एका गाडीच्या स्कूलला ते जमणारे नाही. तेव्हा आपल्या मुलांना सरकारी मैदानावाचून पर्याय नाही.

लायसन अडले की नोकरी अडते. ट्रक किंवा बस चालवायची तर हलक्या वाहनाचे लायसन वर्षभर जुने लागते, म्हणजे इथे गेलेले चार महिने तिथेही जातात. आणि कंटाळून मुले लायसनशिवायच गाडी बाहेर काढतात. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईचे पैसे गाडीमालकाकडून वसूल करू शकते. सेकंडहँड दुचाकी कर्जाने घेतलेल्या घराचे मग काय होते, ते वेगळे सांगायला नको.

परिवहन खात्याने एवढे करावे. अर्जावर उमेदवाराचाच आधारला जोडलेला मोबाईल नंबर घ्यावा आणि त्यावरच्या ओटीपीशिवाय तारीख देऊ नये, बदलू नये. कार्यालयाच्या कारणाने टेस्ट रद्द झाली तर त्या उमेदवाराला पुन्हा रांगेत न ढकलता पुढच्या आठवड्यातली तारीख आपोआप मिळावी. कोणी तारीख सोडली तर ती ठरलेल्या वेळी सर्वांना दिसेल अशी खुली करावी. रोज किती टेस्ट घेणार आणि किती घेतल्या, हा आकडा कार्यालयाबाहेरच्या फलकावर लिहावा, आणि तो फलक कन्नडबरोबर मराठीतही असावा. अल्पभाषिक पंधरा टक्क्यांवर असतील तिथे सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेले तत्त्वच आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लोकप्रतिनिधींनी परिवहन मंत्र्यांकडे हा विषय न्यावा. तोपर्यंत ज्यांचे कच्चे लायसन केवळ तारीख न मिळाल्याने संपत आले आहे, त्यांच्यासाठी एखाद्या रविवारी जादा टेस्ट ठेवाव्यात.

आपला,
एक वाचक, बेळगाव