उंदीर हेडलाइनमध्ये घ्या

मा. संपादक,
स. न.

परवा आपल्या पेपरात रेडिएशनने निकामी झालेल्या लाळग्रंथी परत उगवणार अशी बातमी आली, ती वाचून आमच्या बाबांनी चष्मा काढला आणि विचारलं, दिवाळीपर्यंत होईल का गं? चार वर्षांपूर्वी त्यांनी घशाच्या कॅन्सरसाठी लाईट घेतले (वॉर्डात रेडिएशनला सगळे लाईटच म्हणायचे), गाठ गेली पण लाळही गेली. भाकरी आमटीत बुडवून नाही, अक्षरशः भिजत घालून खातात, रात्री तीनदा उठून तांब्या शोधतात, सहा दात किडून गेले. चांगल्या माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते हे आम्हाला ती गेल्यावर कळलं.

मी बातमी परत नीट वाचली तर शेवटच्या ओळीत उंदीर!

संशोधन खोटंय असं नाही म्हणत मी. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला 2008 मध्येच उंदरांच्या लाळग्रंथीतल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी) रेडिएशन दिलेल्या उंदरांत सोडून लाळ परत आणली होती. कोपनहेगनला 30 पेशंटवर ट्रायल झाली, निम्म्यांना चरबीतल्या सेल ग्रंथीत टोचल्या, 2018 मध्ये रिझल्ट आला की 4 महिन्यांत त्यांची लाळ 50 टक्के वाढली, पण ज्याच्या तोंडात चमचाभरच उरलीये त्याची दीड चमचा होणार ना, हे पण लिहा की. कारण असलं अर्धवट वाचून लोक क्लिनिकं शोधत सुटतात, आम्हीही सुटलो, एकाने फोनवरच 'पॅकेज' सांगितलं. आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) 2017 च्या नियमांप्रमाणे रक्ताचे वगैरे आजार सोडले तर ट्रायलबाहेर पैसे घेऊन स्टेम सेल देताच येत नाहीत, हे मला नंतर समजलं.

त्यापेक्षा हे छापा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 60 पेशंटवर तुलना करून 2012 मध्ये मांडलंय, जुन्या पद्धतीच्या 3डी लाईटवर 89 टक्के लोकांना सुरुवातीलाच लाळेचा बऱ्यापैकी त्रास झाला, आयएमआरटीवर (किरणांचा जोर जागेप्रमाणे कमी-जास्त करता येतो असे लाईट) 59 टक्के. आयएमआरटीत कानाखालच्या ग्रंथीला बसणारा डोस कमी करता येतो, पण तसा प्लॅन आधी करावा लागतो, म्हणजे मशीनवर झोपायच्या आधी विचारायचं की माझी ग्रंथी वाचवता येईल का, आणि दात आधी दाखवून घ्यायचे. आम्हाला दोन्ही माहीत नव्हतं, कुणी सांगितलंही नाही. गुटख्यापायी गावोगाव असले पेशंट आहेत, त्यांना हे आज उपयोगाचं आहे.

आणि पुढच्या वेळी उंदीर हेडलाइनमध्येच घ्या, प्लीज.

- एक वाचक, लातूर